कॅसिनोंतील एक संध्याकाळ व गृहस्थाचा जमाखर्च

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरीं प्रवासाचे बेत होऊं लागतात, आणि हल्लीं ह्या बेतांत गोमंतकाचें नांव निघालें कीं तरुण मंडळींपैकीं कोणी तरी हळूच विचारतो, "एक संध्याकाळ कॅसिनोंत घालवावी काय?" वडील माणसें अशा वेळीं एक तर कानांवर हात ठेवितात, नाहीं तर ऐकलेंच नाहीं असें दाखवितात. आम्हीही पुष्कळ दिवस हेंच करीत आलों. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर घरांतील वडील माणूस देत नाहीं, त्याचें उत्तर बाहेरचा मनुष्य देतो, व तें बहुधा महाग पडतें, असा अनुभव आमच्या कुटुंबास आल्यामुळें ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. द्यूताची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण जो जाणारच आहे त्यानें काय जाणून जावें, आणि सुटीच्या पैशाची राखण कशी करावी, हें सांगणें अनुचित होणार नाहीं असें वाटतें.

प्रथम तो अनुभव सांगतों. आमचे वडील बंधु वारल्यापासून आमच्या वहिनी कोंकणांतील जुन्या घरीं एकट्याच राहतात. त्यांचा मुलगा पुण्यास नोकरीस आहे. तीन वर्षांपूर्वीं स्वयंपाकघराच्या छपराचे वासे बदलून नवीं कौलें घालण्यासाठीं वहिनींनीं साठविलेले पन्नास हजार रुपये मुलाच्या खात्यांत ठेविले. सुतारास व कौलवाल्यास त्यानें परस्पर द्यावे, असें ठरलें होतें. डिसेंबरच्या सुटींत तो मित्रांबरोबर गोव्यास गेला. एका कॅसिनोंत पहिले दोन हजार गेले, ते भरून काढण्यासाठीं त्यानें पांच हजार घातले, तेही गेले. पहांटे तीन वाजतां तो बाहेर पडला तेव्हां बेचाळीस हजार रुपये संपले होते. पुढें सहा महिने "सुतार मिळत नाहीं" असें तो आईस सांगत राहिला. त्या पावसाळ्यांत वहिनींनीं शेगडीभोंवतीं पातेलीं मांडून स्वयंपाक केला. पगारांतून रक्कम हळूहळू भरून निघाली, आणि गेल्या गणपतींत त्यानें ही हकीकत आमच्यापाशीं कबूल केली.

आम्ही त्याला पुष्कळ बोललों. छत्तीस वर्षें शाळेंत बोलण्याचीच संवय! त्यानें सर्व मुकाट्यानें ऐकून घेतलें आणि शेवटीं एवढेंच म्हटलें, "काका, तुमचें बोलणें खरें आहे, पण तुम्ही त्या टेबलाशीं कधीं बसलेलां नाहीं. एकदां बसून पाहा, मग मला काय तें बोला." हें उत्तर आमच्या मनांत घर करून राहिलें. माघांत फोंड्याकडील आमच्या कुलदेवतेस अभिषेकाकरितां जावयाचें होतेंच. तेव्हां सौभाग्यवतींस व पुतण्यास बरोबर घेऊन एक संध्याकाळ पणजीस जाण्याचें आम्हीं ठरविलें.

यजमानाच्या घरचा नियम

मांडवीच्या पात्रांत दिव्यांनीं झगमगणारीं हीं जहाजें कोणत्या आधारावर उभीं आहेत, तें आधीं पाहूं. गोवा, दमण व दीव ह्यांसाठीं १९७६ सालीं सार्वजनिक जुगारास बंदी करणारा कायदा झाला. पुढें १९९२ च्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळास, व १९९६ च्या दुरुस्तीनें जहाजांवर टेबलावरील खेळांस परवानगी देण्याची सोय करण्यांत आली. म्हणजे मूळ कायदा बंदीचा, आणि कॅसिनो हा त्यांतील अपवाद. आपल्या महाराष्ट्रांतही १९७६ सालीं कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा एक कायदा मंजूर झाला होता. परंतु तो कधींच अमलांत आला नाहीं, आणि २०२३ सालीं रद्दच करण्यांत आला. म्हणून मुंबई-पुण्याचा मनुष्य ह्या हौसेसाठीं गोव्याची वाट धरितो.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी. २१ वर्षांखालील व्यक्तीस ह्या ठिकाणीं प्रवेश नाहीं हें ठीकच आहे. परंतु १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीय रहिवाशांसही कॅसिनोंत खेळण्यास मज्जाव करण्यांत आला. सरकारास महसूल हवा, तो पाहुण्यांकडून यावा. पण आपल्या घरच्या माणसांस तेथें बसूं देऊं नये, असा ह्याचा अर्थ. जो पदार्थ यजमान आपल्या मुलांच्या पानांत वाढीत नाहीं, तो पाहुण्यानें किती घ्यावा, हें पाहुण्यानेंच ठरविलें पाहिजे.

चक्राचें गणित

कॅसिनोंत फसवणूक होते म्हणून पैसे जातात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी असती तर उपाय सोपा होता. खरी गोष्ट अशी कीं, चक्र अगदीं सरळ असलें तरीही पैसे जातात. कारण घराचा वांटा खेळाच्या नियमांतच बसविलेला असतो.

रूलेट ह्या खेळाचेंच उदाहरण घेऊं. युरोपीय पद्धतीच्या चक्रावर १ ते ३६ हे आंकडे आणि एक शून्य, मिळून ३७ घरें असतात. एका आंकड्यावर एक रुपया लावला व तो आंकडा आला, तर ३५ रुपये जिंकलेले व आपला एक, असे ३६ परत मिळतात. आतां समजा, एखाद्या गृहस्थानें प्रत्येक घरावर एकेक रुपया ठेविला. ३७ रुपये टेबलावर गेले; गोळी कोठेंही पडो, परत ३६ च येणार. हा जो एक रुपया गेला तोच घराचा वांटा. शेंकडा सुमारें २.७०. अमेरिकन पद्धतीच्या चक्रावर शून्याच्या जोडीला आणखी एक दुहेरी शून्य असतें. घरें ३८, परत येणारे तेवढेच ३६. तेथें हा वांटा शेंकडा ५.२६ होतो. एक घर वाढलें आणि हानि जवळजवळ दुप्पट झाली! म्हणून बसण्यापूर्वीं चक्रावर किती शून्यें आहेत हें पाहणें हा पहिला व्यवहार होय. तांबडा-काळा, सम-विषम असे डाव लावले तरी हिशेब तोच राहतो, कारण शून्य आलें म्हणजे दोन्ही पक्ष हरतात.

एकाच टेबलावर बरेंवाईट डाव शेजारीं शेजारीं मांडलेले असतात, हेंही पाहण्यासारखें आहे. बाकरा ह्या पत्त्यांच्या खेळांत "बँकर" वर पैसे लावले तर घराचा वांटा शेंकडा सुमारें १.०६ पडतो, "प्लेयर" वर सुमारें १.२४, परंतु दोन्ही पक्ष समान येतील अशा "टाय" वर लावले, तर तो चौदांहून अधिक होतो. ह्या शेवटच्या डावास एकास आठ देतात, म्हणून भोळ्या मनुष्याचा हात तिकडेच जातो. यंत्रांच्या बाबतींत तर घराचा वांटा किती, हें खेळणाऱ्यास टेबलाकडे पाहून मोजतांच येत नाहीं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूत एकाच ठिकाणीं अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं चालावें, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून द्यूताध्यक्षानें शेंकडा पांच घ्यावे, अशी व्यवस्था सांगितली आहे. तेथें कर उघड होता व जिंकणाऱ्याकडून घेतला जाई. येथें तो चक्रांत लपलेला आहे, आणि जितक्या वेळां चक्र फिरेल तितक्या वेळां डावावर लावलेल्या रकमेवर बसतो. तासांत चाळीस वेळां शंभर शंभर रुपये लावले तर चार हजार रुपये टेबलावर फिरले. त्यांवर सरासरीनें १०८ रुपये घराचे. तीन तासांत ३२४. ह्या सरासरीभोंवतीं एकेका रात्रीचा हेलकावा मोठा असतो. म्हणूनच कोणी हंसत निघतो व कोणी रिकाम्या खिशानें. परंतु बसण्याचा वेळ आणि डावाची रक्कम वाढली कीं हानीचें माप वाढतें, हा नियम कोणास चुकत नाहीं.

दोन भ्रम

ह्या गणितावर मात करण्याच्या दोन युक्त्या पुतण्यानें आम्हांस सांगितल्या. त्याच्या मित्रांनीं त्या त्याला शिकविल्या होत्या. पहिली अशी कीं, हरल्यावर डाव दुप्पट करीत जावें; एकदां जिंकलें कीं सर्व वसूल होतें. शाळेंतल्याप्रमाणें आम्हीं त्याच्याकडून कागदावर बेरीज करविली. १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४०० : सात वेळां हरल्यावर १२,७०० रुपये गेले, आठव्या वेळीं १२,८०० लावावे लागणार, आणि जिंकलें तर पदरांत निव्वळ लाभ १०० रुपये! सलग सात वेळां हरण्याचा संभव युरोपीय चक्रावर शंभरांत सुमारें एकदां येतो. ऐकावयास हें थोडें वाटतें. पण एका रात्रींत चक्र शेंकडों वेळां फिरतें, आणि टेबलावर मोठ्यांत मोठ्या डावाची मर्यादा बांधलेली असते, ती दुप्पट करणाऱ्यास मध्येंच अडविते.

दुसरा भ्रम असा कीं, पुष्कळ वेळ तांबडा आला म्हणजे आतां काळ्याची पाळी. माँटे कार्लो येथें १८ ऑगस्ट १९१३ रोजीं गोळी लागोपाठ २६ वेळां काळ्या घरांत पडली, असें सांगतात. पंधरा-सोळा वेळांनंतर लोक "आतां तांबडा आलाच पाहिजे" म्हणून त्यावर मोठाल्या रकमा लावूं लागले, आणि बुडाले. चक्रास स्मरणशक्ति नसते. मागें काय पडलें हें मनुष्याच्या ध्यानांत राहतें, गोळीच्या नाहीं.

महाभारतांत नलाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. फांशांवर राज्य घालविलेल्या नलास ऋतुपर्ण राजानें बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नजरेनें मोजून दाखविलीं, आणि मग अक्षहृदय शिकविलें. द्यूताची विद्या व मोजण्याची विद्या ह्यांचें नातें आपल्या पूर्वजांनीं असें जोडून ठेविलें आहे. मात्र नलापुढें पुष्कर नांवाचा माणूस होता. कॅसिनोंत आपल्यापुढें शून्याचें घर आहे. म्हणून येथलें अक्षहृदय जिंकावयास शिकवीत नाहीं, किती हरावयाचें तेवढें आधीं ठरवावयास शिकवितें.

आमचा हात

एवढें सर्व जाणून आम्ही जहाजावर चढलों. घरून निघतांनाच दोन हजार रुपये एका पाकिटांत घालून त्यावर "खेळ" असें लिहिलें होतें. उरलेले पैसे सौभाग्यवतींच्या पर्शींत होते. आंत गर्दी, गाणें, दिवे. भिंतीवर घड्याळ मात्र आम्हांस कोठें दिसलें नाहीं. एका शून्याचें चक्र शोधून आम्ही शंभराच्या डावानें बसलों. प्रथम दैव अनुकूल होतें. दोन हजारांचे चौंतीसशें झाले. खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्हांस आपण इतरांपेक्षां शहाणे आहों असें वाटूं लागलें. शंभराचा डाव दोनशेंचा झाला, दोनशेंचा पांचशेंचा. आणि दीड तासांत पाकीट रिकामें झालें.

तेव्हां जें घडलें तें लिहितांना संकोच वाटतो. आम्हीं मागें वळून सौभाग्यवतींपुढें हात केला आणि म्हटलें, "पांचशें द्या, एकच वेळ." त्या म्हणाल्या, "अहो, हे उद्यांच्या अभिषेकाचे आहेत." आमचा हात क्षणभर तसाच राहिला. पुतण्या शेजारीं उभा होता. तो हंसला नाहीं.

मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांत संवाहक नांवाचा एक जुगारी दहा सुवर्णांचें देणें बुडवून पळतो व ओसाड देवळांत मूर्ति होऊन उभा राहतो. त्याला धरावयास आलेले दोघे तेथेंच द्यूत मांडतात, आणि खेळाचा आवाज कानीं पडतांच तो सुटण्याची संधि विसरून स्वतःच पुढें येतो. हा प्रवेश आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविला, व मुलांबरोबर हंसलों. त्याचा अर्थ आम्हांस त्या रात्रीं समजला. गणित येणाऱ्यासही हा मोह सोडीत नाहीं. फरक एवढाच कीं, आमच्या खेरीज दुसऱ्या कोणाच्या हातीं पैशाची थैली होती. बेचाळीस हजार हरलेल्या मुलाजवळ त्या रात्रीं तें माणूस नव्हतें.

जाणाऱ्यानें पाळावयाचे नियम

ह्यावरून आमच्या वाचकांस कांहीं सूचना करितों.

पहिली : कॅसिनोस द्यावयाची रक्कम घरीं बसून ठरवावी, आणि ती नाटकाच्या तिकिटाप्रमाणें खर्चीं घालावी. नाटकाहून येतांना कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाहीं. जी रक्कम गेली असतां घरांत एका शब्दाचीही बोलाचाली होणार नाहीं, तेवढीच न्यावी. औषधाचे, फीचे, घरदुरुस्तीचे पैसे खेळावयास बसणाऱ्याच्या हाताशीं असूंच नयेत.

दुसरी : बँकेचें कार्ड व पैसे देण्याची सोय असलेला मोबाइल न खेळणाऱ्या माणसापाशीं द्यावा. रोख रक्कम संपली कीं खेळ संपला. उसने घेऊन खेळणें तर सर्वथा वर्ज्य समजावें.

तिसरी : उठण्याची वेळ आधीं ठरवावी. जिंकलेली रक्कम वेगळ्या खिशांत टाकावी व ती पुन्हां टेबलावर आणूं नये. युधिष्ठिरास पहिल्या द्यूतानंतर सर्व कांहीं परत मिळालें होतें. वनवास आला तो दुसऱ्यांदा बसल्यामुळें.

चौथी : तिकिटांत काय मिळतें हें नीट विचारावें. जेवण, पेयें व कांहीं चिप्स त्यांत धरलेल्या असतात. परंतु ह्यांपैकीं बऱ्याच चिप्स रोख पैशांत बदलून मिळत नाहींत. "फुकट" मद्य हें तर सर्वांत महाग पेय होय, कारण त्याची किंमत डावावर बसते. जेवण मात्र पैसे दिलेलेच आहेत म्हणून स्वस्थपणें जेवावें.

पांचवी कराची. चिप्स घेण्यासाठीं दिलेल्या रकमेवर वस्तु व सेवा कर लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो शेंकडा २८ होता, व २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. हजार रुपये दिल्यावर हातांत कितीच्या चिप्स येणार, हें खिडकीशींच विचारून घ्यावें. शिवाय जिंकलेल्या रकमेवर शेंकडा ३० प्राप्तिकर असतो, आणि हरलेली रक्कम त्यांतून वजा होत नाहीं. म्हणजे शनिवारीं वीस हजार जिंकून रविवारीं तेवढेच हरलेला मनुष्य घरीं रिकाम्या हातानें येतो आणि वर कर देणें लागतो.

आणि शेवटची : ज्याला पूर्वीं एकदां थांबतां आलें नाहीं, त्यानें "ह्या वेळीं सांभाळून खेळेन" असें म्हणूं नये, जाऊंच नये. ही खोड केवळ स्वभावाची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें तिची गणना विकारांत केली आहे. घरांत कोणी ह्या मोहांत सांपडलें असेल तर रागावून बोलणें बंद करण्यापेक्षां त्याला वैद्यकीय सल्ला मिळवून द्यावा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ह्या कामीं उपयोगी पडेल.

सुटींतील खरी बचत

आतां प्रवासाच्या खर्चाविषयीं थोडें. टेबलावर बसून सुटीचा खर्च काढण्याची आशा व्यर्थ आहे. ती बचत अन्यत्र सहज होते. नाताळ ते नववर्ष हा गोव्यांतील सर्वांत महाग आठवडा, तो टाळावा. पावसाळ्यांत खोल्यांचीं भाडीं उतरतात, आणि गोव्याची हिरवळ तर त्याच वेळीं पाहावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण ६० दिवस आधीं खुलें होतें. तो दिवस पंचांगांत खूण करून ठेवावा, म्हणजे ऐन वेळीं मोटारीस दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागत नाहींत. पणजीस जाणाऱ्यास करमळी स्थानक जवळचें पडतें. पुढें कदंब महामंडळाच्या बसगाड्या आहेत. कुळाचाराकरितां जाणाऱ्यांनीं देवस्थानच्या अग्रशाळेंत आधीं कळवून उतरावें. राहणें साधें पण स्वच्छ, आणि पहांटेची आरती दारांत. आम्ही तिघे फेरीबोटींतून पणजीहून पलीकडे बेतीस गेलों व परत आलों. पायीं जाणाऱ्यांस भाडें पडलें नाहीं. पाण्यांत उतरलेले जहाजांचे दिवे त्या बोटींतून जितके सुंदर दिसले, तितके जहाजांत असतांना दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशीं अभिषेक झाला. प्रसाद घेऊन बाहेर आल्यावर पुतण्यानें तेथूनच आपल्या आईस फोन केला, आणि तीन वर्षें दडवून ठेविलेली गोष्ट तिला स्वतः सांगितली. तो बराच वेळ तळीच्या पायरीवर बसला होता. वहिनी काय म्हणाल्या हें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं, व आम्हींही विचारलें नाहीं. वैशाखांत तो आठ दिवसांची रजा काढून कोंकणांत गेला, आणि सुताराच्या हाताखालीं उभा राहून त्यानें छप्पर पुरें करून घेतलें. यंदाच्या पावसांत वहिनींचें स्वयंपाकघर कोरडें आहे.

"खेळ" असें लिहिलेलें तें रिकामें पाकीट सौभाग्यवतींनीं जपून ठेविलें आहे. पुढच्या सुटीच्या जमाखर्चाच्या वहींत तें खुणेसाठीं घातलेलें आम्हीं परवांच पाहिलें.